लग्नाची यादी आणि उधारीची वही

लग्नाचा हंगाम सुरू झाला की आमच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या हातात आधी यादी दिसते. शाळेच्या वहीतून फाडलेला कागद असतो. त्यावर कोणी उर्दूत, कोणी मराठीत ओळीने लिहिलेले असते. मुलीचे जोडे 11, नवरदेवाचे 3, सासू-सासऱ्यांचे 2, नणंदांचे 4, दिरांचे 2, आणि मामू, खाला, फुफू, चाचा अशा मानाच्या माणसांचे 14. एकूण 36 जोडे. त्यातले नवरा-नवरीचे फक्त 14. उरलेले 22 जोडे ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यातल्या निम्म्या माणसांना यादी आणणारा मुलीचा बाप अजून भेटलेलाही नसतो.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कापडाचा व्यापारी आहे. शिक्षण उर्दू शाळेत दहावीपर्यंत झाले. मराठी शिकलो ती गिऱ्हाइकांकडून, म्हणून भाषेत काही चूक आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे. पस्तीस वर्षांत अशा हजारो याद्या माझ्या हातून गेल्या. कापड विकणाऱ्याने लग्नात कमी कापड घ्या असे सांगावे हे काहींना विचित्र वाटेल. पण आमच्याच दुकानाच्या वहीत मी जे पाहिले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवणे मला जरुरीचे वाटते.

मास्टरची गोष्ट

आमच्या दुकानाला जोडून एक दर्जी बसत असत. सगळे गाव त्यांना मास्टर म्हणे. शेरवानीची कॉलर बसवावी तर त्यांनीच. लोक माझ्याकडे कापड घ्यायला येत ते अर्धे त्यांच्या हातासाठी. त्यांना तीन मुली.

2011 साली थोरलीचे लग्न ठरले. मास्टर यादी घेऊन आले आणि म्हणाले, "सेठ, लिहून ठेवा. शिलाईतून कापत जा." बिल झाले 64,000 रुपये. मी लिहून ठेवले. दर महिन्याला 2,000 कापत बत्तीस महिन्यांत, म्हणजे 2014 सालात, हिशोब पुरा झाला. मला वाटले, आपण गरिबाच्या उपयोगी पडलो.

2015 साली मधलीचे लग्न आले. थोरलीला जेवढे दिले त्यापेक्षा कमी देऊन कसे चालेल, बिरादरी काय म्हणेल? यावेळी माझ्याकडचे बिल 85,000 झाले. शिवाय जेवण, मंडप आणि "जोड्याची रक्कम" यासाठी मास्टरांनी एका खाजगी सावकाराकडून दीड लाख घेतले, शेकडा 3 रुपये दरमहाने. व्यापारी माणसाने हिशोब करून पाहावा. दरमहा 4,500 रुपये नुसते व्याज. माझे 2,500 वेगळे. मास्टरांची कमाई महिना 14,000. म्हणजे अर्धी कमाई हातात येण्याआधीच गेली. दोन वर्षांत व्याजाचे 1,08,000 भरले आणि मुद्दल दीड लाख तसेच उभे. 2017 साली त्यांनी गावाबाहेरचा छोटा प्लॉट आणि दोन्ही मशिनी विकून सावकाराला मोकळे केले. माझी राहिलेली रक्कम मी सोडून दिली, पण त्याने मशिनी परत येणार नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यापासून ते माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, माझ्या मशिनीवर, रोजंदारीने बसू लागले. स्वतःच्या मशिनीचा मालक मजूर झाला, आणि त्यात माझ्या वहीचाही हात होता. मी उधार दिले नसते तर ती यादी छोटी झाली असती, ही गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

निकाहला काय लागते

शरीअतच्या हिशोबाने निकाह ही फार सोपी गोष्ट आहे. इजाब व कुबूल, दोन साक्षीदार, मुलीची रजामंदी व तिचा वली, आणि मेहर. खुतबा पढणे सुन्नत आहे. छुहारे वाटण्याची रीत आहे. निकाहनंतर मुलाकडून वलीमा सुन्नत आहे. एवढ्यात लग्न पुरे होते.

मदीना शरीफमध्ये हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हे मोठे व्यापारी होते. त्यांनी निकाह केला. प्रेषितांना (स.) तो कळला तो त्यांच्या अंगावरचा पिवळा डाग पाहून. म्हणजे एवढ्या जवळच्या सहाबीने निकाहची दावतही दिली नव्हती, आणि प्रेषितांनी (स.) त्यावर नाराजी दाखवली नाही. मेहर किती दिला हे विचारले, बरकतीची दुआ दिली आणि वलीमा करा, मग एका बकरीचा का असेना, असे सांगितले. आपण व्यापारी लोकांनी ही हदीस आपल्या दुकानात टांगून ठेवावी अशी आहे.

2020 च्या टाळेबंदीत लग्नाला 50 माणसांची मर्यादा होती. त्या वर्षी आमचा माल गाठोड्यात पडून राहिला, धंद्याचे मोठे नुकसान झाले. पण निकाह थांबले नाहीत. ज्या मुलींचे लग्न त्या वर्षी झाले त्यांचे संसार आज इतरांसारखेच चालू आहेत. मग पाचशे माणसांवाचून अडते कुठे याचा विचार आपणच करावा.

आपल्याकडच्या रस्मा

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्याकडचे लग्न हैदराबादच्या वळणाचे आहे. कोकणातले बांधव शाफई मताचे, त्यांच्या रीती वेगळ्या. इथे मी मराठवाड्याबद्दलच लिहितो. रस्मा क्रमाने सांगून प्रत्येकीत कापड किती लागते आणि कुठे हात आवरता येतो तेही सांगतो.

पहिली मंगनी. यात मुलाकडचे मिठाई, एक जोडा व अंगठी घेऊन येतात. हल्ली मंगनीलाच छोटे लग्न करण्याची फॅशन आली आहे. दोनशे माणसे, मंडप, व्हिडिओ. ही बिलकुल गैरजरुरी बाब आहे. घरातली दहा माणसे बसून बोलणी पक्की करावी आणि त्याच बैठकीत मेहर, तारीख व जेवणाचा आकडा ठरवून घ्यावा. पुढचे निम्मे भांडण तिथेच मिटते.

दुसरी रस्म मांझा. मुलीला पिवळे कपडे घालून हळद व चिकसा लावतात. याला सुती पिवळा जोडा सर्वात चांगला. हळदीचा डाग जात नाही, म्हणून या दिवसासाठी भारी कापड घेणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय. तरी हल्ली पाहुण्या बायकांनीही एकसारखे पिवळे कपडे घ्यावे असा आग्रह असतो. माझी विक्री होते, पण गरीब नातेवाईक बाईला एका संध्याकाळसाठी नवा जोडा घ्यावा लागतो हे कोणी पाहत नाही.

तिसरी सांचक. मुलाकडून मुलीसाठी लग्नाचा जोडा, दागिना, मेंदी, फळे, साखर येते. चौथी मेंदी. त्या दिवशी मुलीकडून मुलाकडे मेंदी व नवरदेवाचे कपडे जातात. या दोन्ही रस्मा मिळून एकाच दिवशी करणारी घरे आता वाढत आहेत. त्याने एक मंडप व एक जेवण वाचते.

पुढे निकाह. मग जलव्यात आरसी-मुसहफ, म्हणजे लाल दुपट्ट्याखाली नवरा-नवरी कुरआन शरीफ व आरशात एकमेकांचा चेहरा पाहतात. काली पोतचा लच्छा मुलीच्या गळ्यात येतो. दखनच्या मुसलमान बायकांची ही जुनी निशाणी आहे आणि पटवेकऱ्याच्या हाताला त्यातून काम मिळते. मग रुखसती, वलीमा, चौथी आणि पाच जुमागी. जुमागीला मुलीकडचे जावयाला दावत देतात आणि प्रत्येक वेळी जोडा द्यायची रीत काही घरांत आहे. पाच जुमागीचे पाच जोडे म्हणजे लग्न झाल्यावरही दुकानाची वही चालूच.

मांझा, सांचक, जलवा, चौथी, जुमागी या सर्व रिवाजाच्या गोष्टी आहेत. त्यातल्या काही आनंदाच्या आहेत. बायका-मुली एकत्र बसतात, ढोलक वाजतो, मी त्याच्या विरोधात नाही. मात्र जी रस्म केल्याने कर्ज होते ती सोडल्यास गुनाह होत नाही, आणि कर्ज काढून केल्यास सवाब मिळत नाही.

महिने आणि हंगाम

लग्नाची तारीख ठरवताना आपल्याकडे मुहर्रम टाळतात, सफरचे पहिले तेरा दिवस "तेरा तेजी" म्हणून टाळतात. शरीअतमध्ये निकाहसाठी कोणताही महिना मनहूस नाही. अरबस्तानात इस्लामपूर्व काळात शव्वाल महिना लग्नाला अशुभ मानत. हजरत आयेशा (रजि.) यांचा निकाह शव्वालमध्येच झाला आणि तो वहम मोडला.

व्यापाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. हिजरी साल सुमारे 11 दिवसांनी मागे सरकते, साधारण 33 वर्षांत चक्र फिरून येते. रमजानपूर्वीचा शाबान आणि ईदनंतरचा शव्वाल हे आपले जोराचे महिने. ते कधी कापूस-सोयाबीनचा पैसा हातात असताना येतात, कधी मे महिन्याच्या सुटीत, कधी भर पावसात पेरणीच्या वेळी. पेरणीच्या दिवसांत आलेल्या शव्वालात रोख विक्री कमी व उधारी जास्त होते. मालाची खरेदी त्या बेताने करावी.

गिऱ्हाइकासाठीही त्यात फायदा आहे. सगळे ज्या महिन्यात लग्न करतात त्या महिन्यात हॉल, बावर्ची, दर्जी, फुले सगळे महाग. त्याच्या आगेमागे तारीख धरली तर तेच काम कमी पैशात व जास्त चांगले होते.

मेहर : रोख आणि उधार

मेहर हा मुलीचा हक्क आहे, तिच्या बापाचा नाही व सासऱ्याचा तर नाहीच. उर्दूत दोन शब्द आहेत. ऐकायला ते सारखेच लागतात, पण लिहिण्यात फरक आहे. ऐन या अक्षराने लिहिला तर मुअज्जल म्हणजे ताबडतोब द्यायचा मेहर. हमजाने लिहिला तर मुअज्जल म्हणजे मुदतीने द्यायचा. आमच्या धंद्याच्या भाषेत एक रोख व एक उधार. निकाहनामा देवनागरीत भरताना हा फरक नाहीसा होतो. म्हणून "रोख दिला" किंवा "बाकी आहे, अमुक मुदतीत देणार" असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.

हनफी मतानुसार मेहर कमीत कमी 10 दिरहम, म्हणजे सुमारे 30.6 ग्रॅम चांदी. मेहर-ए-फातिमी 500 दिरहम धरतात. ती साधारण 1 किलो 530 ग्रॅम चांदी होते. लग्नाच्या दिवशीच्या भावाने सराफाकडून रक्कम काढून घ्यावी. पुष्कळ ठिकाणी आजही आजोबांच्या काळचा आकडा, 786 किंवा 1,100 रुपये, चालू ठेवतात आणि त्याच मंडपात लाखाची आतषबाजी होते. काही ठिकाणी याच्या उलट, नवऱ्याची ऐपत नसताना पाच लाख लिहितात, द्यायचा इरादा कोणाचाच नसतो. आम्ही व्यापारी न वटणारा चेक घेत नाही. मग मुलीच्या हातात तसा चेक का द्यावा? जेवढा देता येतो तेवढा ठरवावा आणि शक्यतो निकाहच्या बैठकीतच द्यावा.

जहेज आणि कायदा

"जोड्याची रक्कम" हा शब्द ऐकायला कपड्यासारखा लागतो, पण ती नवरदेवाला दिलेली रोकड असते. हुंड्याचेच ते दुसरे नाव आहे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हा आहे आणि हा कायदा मुसलमानांनाही लागू आहे. त्या कायद्यात मेहरला मात्र हुंड्यातून वगळले आहे. मुलीला आपल्या खुशीने ज्या भेटवस्तू देता त्यांची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घेण्याचा नियम 1985 पासून आहे. ती यादी करताना लाजू नये. उद्या वेळ वाईट आली तर तोच कागद मुलीच्या कामी येतो.

निकाहनाम्याच्या प्रती दोन्हीकडे असाव्यात. मुलीचे वय 18 व मुलाचे 21 पूर्ण असल्याचे दाखले आधी पाहून घ्यावे. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे 90 दिवसांच्या आत विवाहाची नोंदणी करावी. पासपोर्ट, रेशन कार्ड, बँकेचे काम यासाठी नुसत्या निकाहनाम्यावर धावपळ करणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

कापड घेताना

आता माझ्या धंद्याविषयी. लग्नाचे कापड कमीत कमी दोन महिने आधी घ्यावे. आठ दिवसांवर लग्न आले की दुकानदार भाव सांगतो व गिऱ्हाईक ऐकून घेतो, घासाघीस करायला वेळच नसतो.

बनारसी म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे सुरतेच्या यंत्रावरचे पॉलिएस्टर असते. ते वाईट असते असे नाही, पण भाव रेशमाचा देऊ नये. कडेचा एक धागा ओढून जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो व राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. दुकानदाराने धागा द्यायला नकार दिला तर समजून जावे.

जरी तीन तऱ्हेची असते. असली जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार व वर सोन्याचे पाणी. टेस्टेड जरी म्हणजे तांब्याची तार व त्यावर चांदीचा मुलामा. तिसरी प्लास्टिकची. टेस्टेड जरी काही वर्षांत काळी पडते. अत्तर व घाम थेट लागला तर लवकर पडते. मुलीचा जोडा सुती कापडात गुंडाळून ठेवावा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये.

लाल व गडद मेंदी रंगाचे कापड घेताना पांढरा रुमाल ओला करून घासावा. रुमालाला रंग लागला तर अस्तर व दुपट्टा दोन्ही खराब होणार. सुती अस्तर शिवण्यापूर्वी पाण्यातून काढावे. खड्या दुपट्ट्याला 6 यार्ड कापड लागते. ते एकाच ताग्यातून घ्यावे, दोन ताग्यांच्या रंगात फरक पडतो.

नवरदेवासाठी अस्सल रेशीम व सोन्याची अंगठी घेणारे लोक आजही भेटतात. पुरुषांना दोन्ही हराम आहे हे माहीत असून घेतात. आपल्या कारागिरांनी यावर पूर्वीच तोड काढली होती. मशरू नावाचे कापड रेशमी ताण्याचे व सुती बाण्याचे असते. वरून रेशमासारखे चमकते, अंगाला सूत लागते. त्याच्या नावाचा अर्थच शरीअतने परवानगी दिलेले असा आहे. सुती ताण्यावर रेशमी बाण्याचा औरंगाबादचा हिमरू निजामाच्या काळात शेरवानीसाठी नावाजलेला होता. आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे आणि तिथे हिमरूचे मोजकेच माग उरले आहेत. हल्ली शेरवानीचे जे जॅकार्ड येते ते बहुधा पॉलिएस्टर किंवा व्हिस्कोस असते, तेव्हा रेशमाचा प्रश्न उरत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांवरच्या तयार कपड्यावर 18 टक्के जीएसटी आहे, ताग्यातल्या कापडावर मात्र 5 टक्के. म्हणजे 10,000 रुपयांच्या तयार शेरवानीवर 1,800 रुपये कर लागतो. तेच 4,000 रुपयांचे कापड घेऊन गावच्या दर्जीकडे शिवले तर कापडावरचा कर फक्त 200 रुपये. शिलाईचे पैसे आपल्या गावात, आपल्या कारागिराच्या घरात राहतात. मोठ्या शहरातल्या शोरूमला जाण्याआधी हा हिशोब जरूर करावा.

खर्च कोणावर करावा

काही लोक साधेपणाचा अर्थ असा घेतात की दर्जीची शिलाई तोडायची, बावर्चीला अर्धे पैसे द्यायचे. हा साधेपणा नव्हे. लग्नात आपल्या किती कारागिरांचे पोट आहे ते पाहा. मणियार बांगड्या भरतो, पिंजारी-नद्दाफ गाद्या-रजया करून देतो, अत्तार अत्तर व मेंदी आणतो, बागवान भाजी-फळे, कुरेशी गोश्त, बावर्ची देग चढवतो, जरदोजीवाला आरी घेऊन रात्र रात्र बसतो. त्यांच्या मजुरीत कपात करू नये आणि ती उधारही ठेवू नये. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद प्रेषितांनी (स.) केली आहे.

कपात करायची तर ती मंडपाच्या कमानीत, आतषबाजीत, डीजेत, ताटात वाया जाणाऱ्या अन्नात आणि त्या 22 जोड्यांत करावी. मुलीचे 11 जोडे हवेतच असेही नाही. पाच चांगले जोडे पुष्कळ झाले. आज घेतलेले अकरा जोडे दोन वर्षांत फॅशन बदलली की पेटीत पडतात. त्यातले कितीतरी मी पुढे बोहारणीच्या गाठोड्यात पाहिले आहेत.

पैशाची तयारी मुलगी लहान असतानाच सुरू करावी. भिशी हा आपल्याकडचा चांगला मार्ग आहे, मात्र चिठ्ठी टाकून नंबर काढणारी भिशी घ्यावी. लिलावाच्या भिशीत ज्याला गरज जास्त तो जास्त सूट देऊन रक्कम उचलतो, म्हणजे नाव भिशीचे व काम व्याजाचे. जिथे बिनव्याजी कर्ज देणारी बैतुलमाल किंवा संस्था आहे तिथे नाव नोंदवून ठेवावे. घर, दुकान, मशीन, रिक्षा, माग, म्हणजे ज्यावर रोजी चालते ती वस्तू, लग्नासाठी कधीही विकू किंवा गहाण ठेवू नये. लग्नाच्या तारखेनंतरही घरात चूल पेटवायची असते.

दुकानदार बांधवांना

मास्टरांच्या प्रकरणानंतर मी दुकानात काही नियम केले. लग्नाची उधारी फक्त नवरा-नवरीच्या कपड्यांची देतो, मानपानाच्या जोड्यांची देत नाही. उधारी गिऱ्हाइकाच्या सहा महिन्यांच्या शिलकीपेक्षा जास्त होऊ देत नाही. यादी आली की आधी विचारतो, यातले नाही घेतले तर कोण रागावेल? पुष्कळदा गिऱ्हाईक स्वतःच चार-सहा ओळी खोडतो. जो खोडतो तो पुढच्या ईदला रोख पैसे घेऊन परत येतो. ज्याच्यावर कर्ज झाले तो आपले तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीने जातो. नुकसान कशात आहे हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

उधारी लिहूनच द्यावी. कुरआन शरीफमधली सर्वात लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदारांविषयी आहे. त्याच्या दोनच आयती आधी, देणेकरी तंगीत असेल तर त्याला मोकळीक मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असे सांगितले आहे. लिहिण्याचा हुकूम आपण पाळतो, मुदतीचा विसरतो.

या नियमांनी सुरुवातीला दोन हंगाम माझी विक्री कमी झाली. शेजारचे दुकानदार हसले. पण बुडीत रक्कमही कमी झाली आणि रात्री झोप चांगली लागते.

धाकटीचे लग्न

2022 साली मास्टरांच्या धाकटीचे लग्न ठरले. मुलगा मोटार वायंडिंगचे काम करणारा. मास्टर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता. म्हणाले, "सेठ, यावेळी मुलीनेच यादी केली आहे. तीन जोडे तिचे, एक नवरदेवाचा. बाकी कोणाचे नाही." मुलाकडच्यांना तिने आधीच निरोप धाडला होता की अब्बांनी परत कोणाचे देणे डोक्यावर घेऊ नये एवढीच तिची अट आहे. मुलाच्या आईला ते पटायला पंधरा दिवस लागले, हेही खरे. मध्ये एकदा बोलणी तुटतात की काय असे वाटले. मास्टर आठ दिवस धड जेवले नाहीत.

शेवटी असरच्या नमाजनंतर मशिदीत निकाह झाला. 25,000 रुपये मेहर तिथेच रोख मोजून दिला. छुहारे वाटले, सरबत झाले. दुसऱ्या दिवशी मुलाने शंभर माणसांचा वलीमा केला. माझ्याकडचे बिल झाले 11,000 रुपये, ते मास्टरांनी रोख दिले. नवरदेवाची शेरवानी त्यांनी स्वतः शिवली, माझ्या मशिनीवर बसून. बिरादरीत चार लोक बोलले, आणि आठ दिवसांनी दुसऱ्या विषयावर बोलू लागले.

मेहरच्या पैशाचे त्या मुलीने काय केले ते मला माहीत नाही, विचारण्याचा मला हक्कही नाही. मास्टर मात्र त्या वर्षी पहिल्यांदा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कर्जाशिवाय कामाला बसले. आज त्यांच्यापाशी पुन्हा स्वतःची एक मशीन आहे, जुनी आहे पण त्यांची आहे. वहीतले त्यांचे पान मी बंद केले आहे. अल्लाह तआला आपल्या सर्वांना आपल्या ऐपतीत राहून मुला-मुलींचे हात पिवळे करण्याची तौफीक देवो. आमीन.